अकरावी ओळ

आमच्या यांचा प्रबंध चारशे बारा पानांचा आहे. विषय अधिकार. म्हणजे एकाने 'कर' म्हटलं की दुसऱ्याने ते का करावं, कधी करावं आणि कधी करू नये. अमरावतीच्या एका विधी महाविद्यालयात यांनी तेहतीस वर्षं हेच शिकवलं. पहिल्या तासाचं उदाहरण ठरलेलं असे. "रस्त्यात एक दारुडा आडवा येऊन म्हणतो, थांब. पुढच्या चौकात पोलीस हात वर करून म्हणतो, थांब. तुम्ही दोन्हीकडे थांबता. मग फरक काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "सर, दारुडा पावती फाडत नाही." वर्ग हसे, आणि हे पुढचे चाळीस दिवस त्या हसण्याचा सूड घेत.

मला तो फरक पाठ आहे. ती चारशे बारा पानं टंकलेखकाकडे जाण्याआधी सुवाच्य अक्षरात मीच उतरवून काढली होती. ज्याच्या हातात काठी त्याची सत्ता. ज्याचं ऐकणं योग्य त्याचा अधिकार. त्याच वर्षी मला एम. एड.ला प्रवेश मिळत होता. फॉर्म भरून तयार होता, शेवटची तारीख सोमवारची. हे म्हणाले, "शैला, या वर्षी प्रबंध आहे, पुढच्या वर्षी बघू." मी बरं म्हटलं. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

निवृत्तीनंतर आम्ही अकोल्याला, माझ्या माहेरच्या गावी, जठारपेठेत राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात बँकेतल्या मशीनने यांचा अंगठा ओळखायला नकार दिला. सत्तरीनंतर बोटांवरच्या रेघा पुसट होतात, आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्या, असं तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितलं. यांनी तो अपमान समजला. वास्तविक घाई काही नव्हती, मार्चपर्यंत मुदत होती. पण आमच्या गोपाळकृष्णपंतांना कुणी ओळखत नाही म्हणजे काय!

केंद्र एका जुन्या कचेरीच्या मागच्या खोलीत होतं. खिडकीच्या आत अमोल नावाचा ऑपरेटर. रोज पंचवीसच माणसं होतात, सव्विसावा परत जातो. बाहेर कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक, आणि बाकावर वहीचा कागद मांडीवर घेऊन बसलेले जानराव. बडनेऱ्याच्या पुढे कुठल्याशा फाटकावर त्यांनी बत्तीस वर्षं रेल्वेत गेटमनची नोकरी केली होती, आणि आता ते मुलाकडे अकोल्यात राहत. सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या कामासाठी आले, गर्दीत ढकलाढकली पाहिली, खिशातून कागद काढून नावं लिहायला लागले. काम झालं तरी दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हापासून रोज सहाला येतात, येईल त्याचं नाव लिहितात, दहाला कागद खिडकीत देतात आणि अमोल नावं पुकारतो. कुणी नेमलं नाही की कुणी हटकलं नाही.

सोमवारी आम्ही साडेसहाला पोचलो. जानरावांनी वर पाहिलं. "नाव सांगा जी."

"आपण कोण?" यांनी विचारलं.

"मी जानराव."

"तसं नव्हे. आपण इथले कर्मचारी आहात?"

"नाई."

"मग नावं लिहिण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?"

जानरावांनी जरा विचार केला. "पेन माह्याच पोराचा हाय," ते म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. यांनी मात्र नाव दिलं नाही. अनधिकृत यादीत नाव घालणं म्हणजे तिला मान्यता देणं, असं मला ऐकवत साडेतीन तास उभे राहिले, दहाला खिडकीशी गेले. अमोलने मान वर न करता विचारलं, "यादीत नाव हाय का?" नव्हतं. आम्ही घरी आलो आणि यांनी जेवताना वरणाला नावं ठेवली.

मंगळवारी तत्त्व थोडं सैल झालं होतं. हे नाव द्यायला तयार होते, पण दाढीला वेळ लागला आणि आम्ही आठला पोचलो. "झाले जी पंचवीस," जानराव म्हणाले. यांनी कागद हातात घेऊन वरून खाली पाहिला आणि एकदम ताठ झाले.

"ही अकरावी ओळ कोरी आहे!"

"हाव. रोजच असते."

"का?"

"कोणी अडलेलं येते ना उशिरा. त्याच्यासाठी."

"अडलेलं आहे हे ठरवतं कोण?"

"मीच ठरवतो."

"कशावरून?"

"पाहून."

यांचा चेहरा असा झाला, जणू तेहतीस वर्षं पुस्तकात वाचलेला हुकूमशहा शेवटी स्लीपर घालून समोर बसलेला सापडला. 'पाहून'! ना निकष, ना अपील, ना लेखी कारण. मला सांगायला हवं की यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आज जानराव आहे, उद्या दुसरा कुणी आपल्या मेव्हण्याला पाहून ती ओळ देईल, हे मलाही कळतं. फक्त त्या दिवशी यांचा नंबर सव्विसावा नसता, तर हे इतक्या लवकर कळलं असतं का, एवढीच माझी शंका आहे.

तेवढ्यात ती ओळ भरली. उद्या ऑपरेशन असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला तिचा नातू धरून घेऊन आला, दवाखान्याच्या योजनेसाठी तिचा ठसा जुळत नव्हता. जानरावांनी नाव लिहिलं, कुणी हरकत घेतली नाही. आणि पावणेनऊला नीलम आली. अठरा-एकोणीसची मुलगी, छातीशी प्लास्टिकची फाईल, सोबत आई. गावाहून पहिली बसच तेव्हा पोचते, म्हणजे कधीही आली तरी पंचवीस झालेलेच. मी तिला बाकावर जागा दिली, तशी ती भडाभडा बोलली. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जानेवारीचाच, कारण नोंदणीच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर खरी तारीख. अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. उद्या, बुधवारी, चारच्या आत दुरुस्तीची पावती घेऊन तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"आज गेली वो ओळ," जानराव तिला म्हणाले. "उद्या ये. अकरावी तुयीच. साडेअकराच्या गाडीनं बडनेऱ्याले उतर, तिथून अमरावती काई दूर नाई. चारच्या आत पोचतेस."

मुलीच्या आईने हात जोडले. आणि यांचा स्फोट झाला. "आगाऊ आरक्षण! लोकहो, ऐकलंत? उद्याची जागा आजच वाटली!" मग बाकावर चढून नव्हे, पण चढल्याच्या आवाजात यांनी वीस मिनिटं भाषण केलं. समता, पारदर्शकता, मनमानी. यादीतले पंचवीस जण चहा पीत ऐकत होते. यादीबाहेरचे पंधरा-वीस मात्र कळवळून मान हलवत होते. ज्यांचा नंबर लागला नव्हता, ते सगळे तत्त्वाच्या बाजूने झाले. त्यांच्यात गॉगल कपाळावर चढवलेला पिंटू नावाचा सिमेंटच्या दुकानाचा मालक सगळ्यात पुढे. "सर बरोबर बोलून राह्यले! हे दादागिरी हाय!"

ती मिरवणूक घेऊन हे कचेरीत वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, अशा यादीची आमच्याकडे तरतूदच नाही, त्यामुळे ती कुणी लिहावी याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही लिहा. यांनी लेखी मागितलं. साहेब म्हणाले, लेखी देता येणार नाही, तोंडीच समजा. ज्या माणसाने चारशे बारा पानांत अधिकाराचा उगम शोधला, तो साहेबांनी फाईलवरून न उचललेली मान घेऊन विजयी मुद्रेने जिना उतरला.

जानरावांनी काही वाद घातला नाही. "घ्या जी. पेनबी घ्या, रिफिल नवीन हाय."

"आमच्याकडे पेन आहे," हे म्हणाले.

त्या दिवशी घरात राज्यघटना तयार झाली. नऊ नियम. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, लॅमिनेशन करून आणले. खाली 'यादी नियंत्रक' असं पद आणि त्यावर यांची सही. नियम दोन : ओळखपत्र दाखवल्याशिवाय नाव नोंदवले जाणार नाही. नियम तीन : दहा मिनिटांपेक्षा अधिक गैरहजर राहिल्यास नाव रद्द. नियम चार : यादीत कोणतीही ओळ कोरी ठेवता येणार नाही. नियम सहा : क्रमांक कोणत्याही कारणास्तव दुसऱ्यास देता येणार नाही. नियम नऊ : नियमांचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार नियंत्रकाचा.

"आणि त्या मुलीचं काय?" मी विचारलं.

"कोणती मुलगी?"

"नर्सिंगची."

"शैला, एका मुलीसाठी व्यवस्था बनत नसते."

मला एकदम माझा तो फॉर्म आठवला. शाईचा, निळा. मी भाकऱ्या थापायला आत गेले.

बुधवारी यांनी मला चारला उठवलं. थर्मासभर चहा करून आम्ही पाचला हजर. यांनी स्वतःचं नाव क्रमांक एकवर लिहिलं, नियम झाडाला टांगले आणि कारभार सुरू केला. पहिलीच बाई म्हणाली, "लिहा, मनकर्णा." हे म्हणाले, "ओळखपत्र." तिने आधार कार्ड दिलं. यांनी पाहिलं. "यावर नाव मनोरमा आहे." "थेच तं दुरुस्त कराले आली ना बावा!" यावर नियम दोनमध्ये एक पोटनियम घालावा लागला. त्यात दहा मिनिटं गेली, रांग वाढली. मग साखरेचा त्रास असलेले एक गृहस्थ लघवीला गेले, बारा मिनिटांनी आले, तर नाव कापलेलं. ते भडकले. यांनी त्यांना म्हणणं लेखी द्यायला सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्यायला बसलो तर पुन्हा जावं लागेल.

जानराव सहालाच आले होते. आज त्यांच्या मांडीवर कागद नव्हता. बाकाच्या टोकाला नुसते बसून होते.

"तुम्ही कशाला आलात आज?" मी हळूच विचारलं.

"त्या पोरीले बोलावलं हाय ना म्या," ते म्हणाले.

साडेसातला पंचवीस झाले. पिंटू आठला आला, आरामात, गॉगल लावून. त्याचा नंबर सव्विसावा निघाला. "असं कसं सर? काल तं आपुन संगं व्हतो!" यांनी नियमांकडे बोट दाखवलं. पिंटूने ते सगळे नऊ वाचले, हसला, आणि गाडीच्या डिकीतून स्वतःची डायरी काढली. "ठीक हाय. तुमची यादी तुमच्यापाशी. आमचीबी एक हाय. चला बे, ज्याचं नाव रायलं त्यानं इकडं या!"

"तुम्हाला यादी करण्याचा अधिकार कुणी दिला?" हे ओरडले.

"साहेबानंच! तोंडी!" पिंटू म्हणाला.

चारशे बारा पानांत हे कुठं नव्हतं, मला ठाऊक आहे.

पावणेनऊला नीलम धावत आली. आई मागे धापा टाकत. तिने जानरावांकडे पाहिलं, त्यांनी यांच्याकडे मान वळवली. मुलीने यांच्यासमोर फाईल धरली. "सर, मले अकरावी ओळ देली व्हती."

"ती पद्धत रद्द झाली आहे," हे म्हणाले, पण तिच्याकडे न पाहता. नियम चार वाचून दाखवला.

"अहो, तुमचा पहिला नंबर तिला द्या," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्याने. "तुम्हाला मार्चपर्यंत मुदत आहे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. खरं सांगते, त्या क्षणी यांची इच्छा होती, मला चेहरा वाचता येतो. "नियम सहा," हे पुटपुटले. "देता येत नाही."

"नियम तुम्हीच केलेत ना?"

"म्हणूनच," हे म्हणाले.

मुलगी रडली नाही. फाईल छातीशी घट्ट धरून खिडकीकडे बघत उभी राहिली. मला तिच्या जागी दुसरी एक मुलगी दिसत होती आणि माझा संताप संताप झाला.

दहाला खिडकी उघडली आणि आत एकदम दोन याद्या गेल्या. पन्नास माणसं. अमोलने एक पाहिली, दुसरी पाहिली. "यातली खरी कोनती?" दोन्ही बाजूंनी एकदम आरडाओरडा झाला. पिंटूने कोपराने वाट काढली, साखरेवाले गृहस्थ यांच्या अंगावर धावले, कुणाची तरी चप्पल तुटली, मनकर्णाबाई भिंतीवर आपटल्या. यांचा आवाज मधूनच येत होता, "नियम नऊ! नियम नऊ!" अमोलने शटरला हात घातला. "असं असंल तं आज बंद. उद्या या सारे."

उद्या. नीलमच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

तेव्हा जानराव उठले. दोन पावलं पुढे आले, उजवा हात पंजा उघडून आडवा धरला आणि म्हणाले, "थांबा."

ओरडले नाहीत. फाटक लावताना आठ-दहा गाड्यांना सांगावं तसं म्हणाले. आणि सगळे थांबले. पिंटूचं कोपर हवेत राहिलं. अमोलचा हात शटरवर राहिला. माझ्या नवऱ्याचं तोंड 'नि'वर उघडं राहिलं.

"कोण कोणाच्या मागं आलतं, ते तुमाले मालूम हाय," जानराव म्हणाले. "तसे उभे राहा."

आणि लोक उभे राहिले. कुणाला कुणाचं नाव विचारावं लागलं नाही. साखरेवाल्यांना आपसूक नववी जागा मिळाली. पिंटू दोन पावलं मागे, मग आणखी चार पावलं मागे गेला, गॉगल काढून खिशात घालत. जानरावांनी कुणाकडून तरी कागद घेतला. खाली धरायला कडक काही हवं होतं. झाडावरून ते लॅमिनेशन काढलं, उलटं केलं आणि त्यावर कागद ठेवून लिहायला बसले.

"पेन?" त्यांनी विचारलं. यांनी आपलं पेन दिलं.

दहा नावं लिहून जानरावांनी अकराव्या ओळीत नीलमचं लिहिलं. मग मान वर करून यांच्याकडे पाहिलं. "सर, तुमी पयले आलते, थे खरं हाय. पन पंचवीसच होतेत. तुमाले काई तारीख नाई. तुमी उद्या या."

मी वाट पाहत होते. आता विचारतील, कुणी दिला अधिकार. कशावरून. लेखी आहे का. तेहतीस वर्षं, चारशे बारा पानं.

"बरं," हे म्हणाले, आणि रांगेतून बाहेर आले.

नीलमला पावती अकरा वाजता मिळाली. तिची आई सगळ्यांच्या पाया पडत सुटली, चुकून यांच्याही पडली. जानराव म्हणाले, "अओ बाई, पाया काय पडून राहिली, रिक्षा पकड!" त्या दोघी पळत गेल्या. साडेअकराची गाडी त्यांना मिळाली, हे दुपारी तिने मला फोन करून सांगितलं. साडेतीनला पुन्हा फोन आला. कागद जमा झाले होते.

घरी आल्यावर यांनी कपाटातून प्रबंध काढला, चष्मा लावला, पानं उलटली, परत ठेवला. संध्याकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "शैला, त्याने थांबा म्हटलं आणि मी थांबलो. जा म्हटलं आणि गेलो. त्याला कसलाही अधिकार नव्हता. मग मी का ऐकलं?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी बेचाळीस वर्षं तुमचं ऐकतेय. मी कधी विचारलं?"

यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मशीनने अंगठा नाकारला तेव्हा पाहिलं होतं तसे.

गुरुवारी पहाटे यांनी दिवा लावला. "शैला, ऊठ. चहा टाक, सहाच्या आत जायचंय."

"मी येत नाही," मी पांघरुणातून म्हटलं.

"का? ठरवलंस कशावरून?"

"पाहून."

मग स्वयंपाकघरात डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले. एक, दोन, तीन. चहापत्ती कुठल्या डब्यात असते, हे यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.